आत्या, गाडीतला गॅस आणि आपलं अर्धं राहिलेलं भांडण

आत्या,

पेपरात तुमची निधनवार्ता देताना सुधीरनं तुम्हाला 'प्रेमळ आणि मनमिळाऊ' करून टाकलं. बाहेर माणसं बसलेली, आणि आत स्वयंपाकघरात ते वाचून मला हसू फुटलं. मी ओढणी तोंडाशी धरली. शेजारच्या काकूंना वाटलं सून रडतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मग मात्र खरंच रडू आलं.

मनमिळाऊ! लग्न होऊन आल्यापासून तुमचं-माझं कशावर एकमत झालं असेल तर ते चहात साखर किती घालायची यावर, आणि तेही डॉक्टरांनी तुमची साखर बंद करेपर्यंत. सासूला आत्या म्हणायची आपल्या घरची पद्धत, म्हणून मी म्हणत आले. पण सासू म्हणून मला तुम्ही फारशा कळलाच नाहीत. कळलात त्या धंद्यातल्या भागीदार म्हणून. सुधीर फाउंड्रीत जाणार, आणि घरी सासू-सून मिळून एक फिरतं घर भाड्यानं देणार, म्हणजे आत पलंग, बेसिन, शेगडी असलेली गाडी, हे ऐकून पाहुण्यांत माणसं गालात हसायची. "तुमच्या दोघींचं जमतंय व्हय?" तुम्ही सांगायचात, "जमतंय कुठलं? भांडतोय की रोज." आणि वर, "भांडल्याबिगर धंदा हुतोय व्हय?"

रशीदभाईंच्या शेडवर गाडी आणायला गेलो तो दिवस मला सारखा आठवतोय. शाळेची जुनी बस कापून-सांधून त्यांनी असं काही घर उभं केलं होतं, की सुधीर दारातच थांबला. मी हार आणला होता. तुमच्या हातात ओवाळणीचं ताट. तुम्ही आत चढलात, पलंगाची गादी दाबून पाहिलीत, नळ सोडून पाहिलात, आणि मग ओट्याखालचं दार उघडलंत. आत सिलिंडर होता.

"ह्याला वारा कुठनं?" तुम्ही विचारलंत.

"आज्जी, घरातबी ओट्याखालीच आसतोय की," रशीदभाई म्हणाले.

"घर खड्ड्यातनं उड्या मारत जातंय व्हय? आन घरात माणूस सिलिंडरला पाय लावून निजतंय का? ह्यो पलंग बघा कुठं हाय त्यो."

"काय हुत न्हाय आज्जी. आजवर इतक्या गाड्या दिल्या. कोण तक्रार घेऊन आलं न्हाय."

"पावणं, झाल्यावर सांगायला कोण येणार हाय तुमच्याकडं?"

पत्रा ठोकणारी माणसंसुद्धा थांबली. तुम्ही ओवाळणीचं ताट पान्ह्यांच्या टेबलावर ठेवलंत आणि गाडीच्या पायरीवर बसलात. "हे काढल्याबिगर मी ओवाळत न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं, पाहुण्यांना पेढे वाटून झालेले. पण रशीदभाई चिडले नाहीत. ते तुमच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बरं. मग कुठं ठेवायचा, ते सांगा." तेव्हा मला तोंड फुटलं. बाहेरच्या देशांत अशा गाड्यांना सिलिंडरसाठी वेगळा कप्पा असतो, त्याचं दार फक्त बाहेरून उघडतं, आतल्या खोलीशी त्याचा काही संबंध नसतो, हे मी वाचून ठेवलं होतं. तुम्ही लगेच म्हणालात, "आन त्याच्या बुडाला भोकं." गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो, हे आपल्या दोघींना माहीत होतं. मला वाचून, तुम्हाला बघून. रशीदभाईंनी मागच्या चाकापलीकडची जागा दाखवली. सिलिंडर उभाच राहील असा पट्टा, रेग्युलेटर नळीला लोंबकळत न ठेवता भिंतीला वरच्या बाजूला पक्का बसवलेला, गाडीच्या खालून पोलादी पाइप, रबरी नळी लागेल तिथं आखूड, शेगडीपाशी वेगळा बंद करायचा नळ. एकेक गोष्ट ठरत गेली, प्रत्येकीवर तुमचा एकेक वाद झाला. गाडी पुन्हा तयार होऊन आली तेव्हा तुम्ही आधी त्या कप्प्याला हळदकुंकू लावलंत, मग गाडीला.

परवा रशीदभाई भेटायला आले होते. चहा घेतला. मग म्हणाले, "त्या दिवसापासनं एकबी गाडी मी जुन्या पद्धतीनं केली न्हाय. आज्जीस्नी सांगायचं राहूनच गेलं." मी म्हटलं, "आत्यांना ठाऊक होतं." खरं तर तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता सांगते आहे.

तुमच्या या धास्तीचं मूळ हुपरीत होतं, तुमच्या माहेरी. घरोघरी चांदीचं काम, आणि तुम्ही परकरात असल्यापासून गॅसची ज्योत हातात धरून पैंजणांच्या कड्या जोडत होता. शालनमावशी तुमची धाकटी बहीण. तिच्या मानेपासून कानापर्यंत कातडी ओढल्यासारखी झालेली मी लग्नातच पाहिली होती. विचारायचा धीर झाला नव्हता. एकदा अंगणात शेंगा फोडत बसलो असताना तुम्हीच सांगितलंत. "वाऱ्यानं ज्योत हलू ने म्हणून दारं लावलीती. नळीला चीर गेलती, ती कुणाला दिसली न्हाय. गॅस पसरला भुईवर. शालन मांडी घालून बसलती. तिनं काडी ओढली."

"मग?"

"मग काय. शेजारचा धावत आला, टाकी बंद केली. वाचली शालन." आणि पुन्हा शेंगा.

तुमच्या बाराव्याला मी हे मावशीजवळ बोलले. ती माझ्याकडे बघतच राहिली. "शेजारी? कुठला शेजारी? आक्कानंच मला ओढलं भाईर. आन परत आत जाऊन पेटत्यात हात घालून टाकी बंद केली. हाताचं कातडं निघालं तिचं."

तुमच्या उजव्या तळहातावर रेषा जवळजवळ नव्हत्याच. मला वाटायचं, चांदीकामानं झिजल्या असतील. आत्या, तो शेजारी मधे कशाला आणलात? मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, शौर्य सांगितलं की ऐकणारा शौर्यच लक्षात ठेवतो, आणि नळीला गेलेली चीर विसरतो. तुम्हाला मी चीर लक्षात ठेवायला हवी होती. तसं असेल तर तुमचं बरोबर होतं. मी ठेवली. पण आता ते दुसरंही माझ्याकडे राहणार आहे, त्याला तुमचा इलाज नाही.

गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की किल्ली देण्याआधी अर्धा तास तुमचा. गाडी चालू करण्याआधी सिलिंडर बंद. सैपाक करताना खिडकी उघडी, बाहेर थंडी असली तरी. शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, कारण बंद जागेत ज्योत हवा खाते आणि विष सोडते, त्याला वासही नसतो. नळीवर छापलेली मुदत वाचून दाखवायची. जोडाजवळ साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी ओढून कधीच नाही. चांगली शिकलेली माणसं निमूट उभी राहून ऐकायची, कारण मधे बोललं तर तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करत होता.

आणि शेवटी तुम्ही स्वतः गाडीत चढून, पलंगापाशी खाली वाकून एक मोठा श्वास घ्यायचात. "न्हाय. काय न्हाय. जावा आता." आपल्या गाडीवरचा तो तुमचा शिक्का होता.

म्हणून मी गॅस गळला की वाजणारा डिटेक्टर आणला तेव्हा तुम्हाला राग आला. "मला नाक हाय की."

"आत्या, तुमचं नाक गाडीबरोबर गोव्याला जातंय का?"

यावर तुम्ही नुसता आवाज वाढवलात. तरी मी तो बसवला, पायाशी, जमिनीलगत. तुम्ही त्याला 'चिमणी' म्हणायला लागलात, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

मग ती साथ आली. घरात सगळ्यांना झाली, सगळे उठलो. गाडी अंगणात झाकून ठेवलेली. साथ ओसरल्यावर लोकांना गर्दीची हॉटेलं नको झाली आणि आपल्या गाडीला कधी नव्हती एवढी मागणी आली. त्या दिवसांतली ती दुपार. एक कुटुंब गाडी परत देऊन गेलं होतं. तुम्ही पलंगावर चादरींच्या घड्या घालत होता, मी फरशी पुसायला फडकं पिळत होते. चिमणी ओरडायला लागली.

"गप कर तिला," तुम्ही म्हणालात. "उगंच बोंबलती. वास कुठं हाय?"

मी खाली वाकले आणि वास नाकात भपकन शिरला. सडल्यासारखा, ओळखीचा.

"आत्या, वास येतोय."

"मला न्हाय येत."

"येतोय आत्या. खूप येतोय."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ते पाहणं मी विसरणार नाही. एका क्षणात तुम्हाला कळलं की साथीनं तुमचा वास नेला होता, आणि गेले कित्येक दिवस तुम्ही वाकून घेत होता तो श्वास पोकळ होता. आमटीला फोडणी जळलेली तुम्हाला कशी कळली नव्हती, देवापुढची उदबत्ती संपली की पेटतेय हे तुम्ही वळून का बघत होता, सगळं तेव्हाच जुळलं असणार. पण त्यावर तुम्ही अर्धा श्वासही घालवला नाहीत. माझा हात सवयीनं एक्झॉस्ट पंख्याच्या बटणाकडे गेला होता. तुम्ही मनगट धरलंत.

"बटण न्हाय. ठिणगी पडती. खाली उतर."

मला दारातून जवळजवळ ढकललंत, मागोमाग दोन्ही दारं सताड उघडी टाकून तुम्ही उतरलात, मागे जाऊन कप्पा उघडलात आणि सिलिंडर बंद केलात. पाव्हण्यांनी तो चालूच सोडला होता. अंगणात लिंबाखाली आपण उभ्या राहिलो. तिथं तुम्ही माझं मनगट पुन्हा धरलंत.

नंतर साबणाचं पाणी लावलं तेव्हा शेगडीमागच्या नळीला बारीक फुगे आले. कुणीतरी मागे पातेली कोंबून ठेवली होती, त्यांच्या कडेनं नळी घासली गेली होती.

तुमच्या धैर्याबद्दल लोक बोलतील ते हुपरीचं बोलतील. मला विचाराल तर मी या दुपारचं सांगेन. आयुष्यभर ज्या नाकावर तुमचा भरवसा होता, ते सांगत होतं की काही नाही. आणि जिच्याशी रोज भांडण, ती सून सांगत होती की आहे. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाहीत. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कुणी माझ्यावर इतका मोठा विश्वास टाकला नव्हता, माझ्या आईनंही नाही. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "खुळी हायस. वास आलता की तुला."

त्याच दिवशी जेवताना तुम्ही ताटावरून सांगितलंत, "माझं नाक गेलंय." दूध संपलंय, आणायला हवं, असं सांगावं तसं. सुधीर डॉक्टरांकडे जायचं म्हणाला, तुम्ही जाऊनही आलात, पण वास काही परत आला नाही. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला, अगदी पुढच्याच, तुम्ही वाकून श्वास घेतला नाहीत. चिमणीसमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हिचं बटण दाबून बघा. वाजली पायजे. माझ्या नाकाला वास येत न्हाय. तुमचंबी कधी जाईल सांगता येत न्हाय. नाकावर राहू नका." आपली हार गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

शिरोळचे ते पाव्हणे आठवतात? संभाजीराव, मोठी ऊसशेती, मोठा आवाज, तुमच्या तोडीचा. कोकणात निघाले होते, बायको, मुलं, म्हातारी आई. आणि पोत्यातून त्यांनी काढला लग्नाच्या सैपाकाचा भलामोठा बर्नर आणि त्याचा जास्त दाबाचा रेग्युलेटर. मटण झटपट शिजायला.

"हे न्हाय चालायचं," तुम्ही म्हणालात.

मी समजावून सांगितलं, की गाडीतली नळी आणि शेगडी कमी दाबासाठी केलेली असते, हा रेग्युलेटर लावला तर ज्योत अंगावर येईल, जोड सुटतील. ते हसले. "आवं, आमच्यात गावजेवणं उठत्यात ह्याच्यावर." मग तुमच्याकडे वळले. "आन आज्जी, तुमास्नी वासबी येत न्हाय म्हणता, आन आमाला शिकवता?"

मला वाटलं, आता शिवी पडणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हणून तर शिकवतो. नाक हुतं तवर मीबी तुमच्यागतच बोलत हुतो."

तरी संभाजीराव पोतं गाडीत चढवायला लागले. तुम्ही किल्ली कमरेला खोचलीत. "पैसं परत न्या. किल्ली मिळायची न्हाय."

तेवढ्यात आतल्या पलंगावर बसलेली त्यांची आई बोलली. "संबा, ठेव ते खाली. नातवंडं हायत माझी गाडीत. त्या बाईला काय तुझ्याशी वैर हाय व्हय?"

"आन मटण, आये?"

"हाटेलात खा. न्हायतर पिठलं करतो मी."

बर्नर आपल्या अंगणात राहिला, गाडी कोकणात गेली. परत आले तेव्हा संभाजीराव आधी मागे गेले, कप्प्याचं दार उघडून, पाटी दाखवणाऱ्या पोरासारखे उभे राहिले. "बघा आज्जी. बंद हाय." तुम्ही हात लावून पाहिलातच.

आता आपलं भांडण.

दुसरी गाडी करायची ठरली तेव्हा मी म्हटलं, ही बिनगॅसची करू. वर सोलर, खाली बॅटरी, आत इंडक्शनची काचेची शेगडी. तुम्ही पेटलात. "भ्या वाटतंय म्हणून टाकून द्यायचं?"

"भीती नाही आत्या. जे लागत नाही ते बाळगायचं कशाला?"

"ज्योत दिसती. इझवली की इझलेली दिसती. तुझ्या काचंवर काय दिसतंय? आन बॅटरी पेटत न्हाय व्हय? बातम्यांत बघत न्हायस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी चिडले, आणि पुढचे काही दिवस आपण बॅटरी हा शब्द घरात उच्चारला नाही. पण मी शोधत राहिले. बॅटऱ्या बनवणाऱ्यांशी बोलले, रशीदभाईंना घेऊन एका कारखान्यात गेले. उत्तर मिळालं तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता.

आत आले तर तुमचं नर्सबाईंशी चाललेलं. नाकात नळी, धाप लागलेली, आणि बोट ऑक्सिजनच्या टाकीकडे. "हिला पट्टा का न्हाय? कुणाचा धक्का लागला तर?" नर्सबाई आधी हसल्या. मग त्यांनी टाकी हलवून पाहिली आणि वॉर्डबॉयला साखळी आणायला सांगितली. साखळी लागल्यावर तुम्ही डोळे मिटलेत.

मी खुर्ची ओढली. "आत्या, बॅटरीचं विचारून आले."

"उद्या सांग," तुम्ही म्हणालात. "आज दम न्हाय भांडायला."

तो उद्या आपल्याला मिळाला नाही. मग आता ऐका. बॅटरीचासुद्धा वेगळा कप्पा करायचा, तोही बाहेरून उघडणारा, हवा खेळणारा. सहजासहजी पेट न घेणारी जात निवडायची. तापली की आपोआप वीज तोडणारी यंत्रणा, आणि वर हातानं तोडायचा मोठा खटका, म्हणजे बंद केलेलं दिसतं. तुमचा एकेक आक्षेप मी घेऊन गेले होते आणि एकेकाचं उत्तर घेऊन आले. हे सगळं मला सुचलं ते तुमच्याशी भांडून. नुसतं हो म्हणाला असतात तर मी बॅटरी पलंगाखाली टाकून मोकळी झाले असते.

जुन्या गाडीतला गॅस राहील. किल्ली देण्याआधीचा अर्धा तास आता मी घेते. मधे कुणी बोललं की मीही पहिल्यापासून सुरू करते.

आज सकाळी रशीदभाईंकडे जाऊन आले. नव्या गाडीचा सांगाडा उभा आहे. त्यांनी हात पुसत विचारलं, "मग ताई, गॅस की बिनगॅस?"

"बिनगॅस," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं, सवयीनं, तुमच्या आवाजावर चढावं म्हणून. रशीदभाईंनी मान हलवली आणि कामाला लागले. पत्र्याची ठोकाठोक सुरू झाली. मी तिथंच उभी राहिले.

कुणीच 'न्हाय' म्हणालं नाही, आत्या.

तुमची,
वैशाली